घडीची बाबागाडी घेताना

बाळाला कडेवर घेऊन, खांद्याला पिशवी अडकवून लसीकरणाला किंवा बाजाराला जाणाऱ्या आईची पाठ संध्याकाळपर्यंत भरून येते. सहा महिन्यांचे बाळ साधारण साडेसात किलोचे असते, वर्षाचे नऊ किलोच्या आसपास. म्हणून घरात घडीच्या बाबागाडीचा विषय निघतो. मामा नाहीतर आत्या पैसे द्यायला तयार होते. गाडी घेणे ही काही चैन नव्हे. पण ती बाळाच्या वयाला योग्य आहे का, आपल्या जिन्यावरून नेता येईल का आणि आपल्या बोळातून जाईल का, या तीन प्रश्नांची उत्तरे दुकानात जाण्याआधी घरीच शोधा. रंग आणि कंपनी त्यानंतर.

बाळाचे वय

छत्रीसारखी मिटणारी हलकी गाडी बहुतेक वेळा बसत्या बाळासाठी असते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची मान आणि पाठ आधाराशिवाय बसण्याइतकी बळकट नसते. अर्धवट बसवले की डोके पुढे झुकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनलिका दबते. बाळ रडतही नाही, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. इतक्या लहान बाळासाठी पाठ पूर्ण आडवी होणारी गाडीच हवी. तशी परवडत नसेल तर सहा महिने थांबा. तोपर्यंत कापडाच्या झोळीत छातीशी धरलेले बाळ सुखरूप असते. फक्त त्याचे तोंड आपल्याला दिसत राहावे आणि हनुवटी वर असावी.

वजन आणि घडी

गाडी पाच किलोची आणि बाळ साडेसात किलोचे, म्हणजे जिन्यावर साडेबारा किलो. सिझेरियन झालेल्या बाईने पहिले सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलू नये, असे डॉक्टर सांगतात. तेव्हा गाडी उचलून नेणारे दुसरे कोणी घरात आहे का, हे आधी ठरवा. दुकानात एका कडेवर पिशवी धरून दुसऱ्या हाताने गाडी मिटवून पाहा. दुकानदाराने मिटवून दाखवली तर ती त्याच्या सवयीची घडी असते. आपल्याला जमते का ते पाहायचे.

घरून निघताना एक सुतळी सोबत घ्या. बोळातली सर्वांत अरुंद जागा, घराचा दरवाजा आणि मिटलेली गाडी जिथे ठेवायची तो कोपरा, या तिन्ही मापांच्या गाठी त्या सुतळीला मारून ठेवा. गाडी त्या मापात बसली तरच पुढे बोला.

चाके, ब्रेक, पट्टे

लहान चाके गुळगुळीत लादीवर छान पळतात आणि गटाराच्या जाळीत अडकतात. आपल्याकडे थोडी मोठी, जाड चाके बरी. जाळी ओलांडताना गाडी तिरपी न्या. ब्रेक लावून गाडी उतारावर उभी करा आणि ढकलून पाहा. जरा जरी सरकली तरी नको. पट्टे पाच ठिकाणी बांधणारे हवेत: दोन खांदे, दोन कंबर आणि एक दोन्ही पायांमधून. नुसत्या कमरेच्या पट्ट्यातून बाळ खाली घसरते किंवा उभे राहून पुढे पडते.

दांड्याला भाजीची पिशवी अडकवू नका. बाळाला उचलले की पुढचे वजन जाते आणि गाडी मागे उलटते. बाळ आत असताना तर हा धोका आणखी वाईट. सामान खालच्या जाळीत ठेवा.

बिजागरी

हलक्या घडीच्या गाडीची कल्पना ओवेन मॅक्लारेन या इंग्रज अभियंत्याची. स्पिटफायर या लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर त्याने काम केले होते. १९६५ मध्ये त्याने ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोहूनही हलकी गाडी तयार केली. पण जी बिजागरी गाडी मिटवते, तीच बोटही चिमटते. २००९ मध्ये मॅक्लारेन कंपनीला अमेरिकेत सुमारे १० लाख गाड्यांसाठी बिजागरीची झाकणे पुरवावी लागली. गाडी उघडता-मिटवताना १२ मुलांच्या बोटांची टोके तुटल्याची नोंद झाली होती. म्हणून बिजागरी झाकलेली आहे ना, हे पाहा. गाडी उघडताना आणि मिटवताना बाळ, आणि त्याची भावंडेही, हातभर लांब असू द्या. पूर्ण उघडल्यावर ‘खट्’ असा आवाज येऊन खटका बसला पाहिजे. तो बसल्याशिवाय बाळाला आत ठेवू नका.

नात्यातली जुनी गाडी मिळाली तर जरूर घ्या. मात्र खटका ढिला, पट्टा उसवलेला किंवा ब्रेक गेलेला असेल तर फुकटातली गाडीही नको.

प्रवासात

लोकल किंवा एस.टी.मध्ये चढण्याआधी बाळाला कडेवर घ्या आणि गाडी मिटवा. फलाट आणि डब्यामधल्या फटीत चाक अडकायला क्षण पुरतो. सरकत्या जिन्यावर बाळासह गाडी कधीच नेऊ नका. विजयादशमीला दीक्षाभूमीवर किंवा ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाताना गाडी घरीच राहू द्या. त्या गर्दीत खाली बसलेले बाळ मागून येणाऱ्याला दिसत नाही; तिथे ते छातीशीच हवे.

उन्हात गाडीवर ओढणी किंवा चादर टाकून ती चहूबाजूंनी बंद करू नका. आत हवा कोंडते आणि बाळ तापते. छत वापरा, सावलीतून चला. सिग्नलला गाड्यांच्या मागे थांबू नका. त्यांचा धूर नेमका बाळाच्या तोंडाच्या उंचीवर येतो.

गाडी म्हणजे पाळणा नव्हे

बाळ गाडीत शांत बसते म्हणून तासन् तास बसवून ठेवण्याचा मोह होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले की, लहान मुलाला एका वेळी एका तासाहून अधिक गाडीत बांधून ठेवू नये. रांगायच्या आधीच्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान अर्धा तास पालथे खेळू द्यावे, असेही तिचे सांगणे आहे. मान, पाठ आणि हात त्यानेच बळकट होतात. गाडीत झोप लागली तर घरी येताच बाळाला सपाट अंथरुणावर उताणे ठेवा.

दुकानदार म्हणतो म्हणून किंवा शेजारणीने घेतली म्हणून गाडी घेऊ नका. तांदळाची दहा किलोची पिशवी बाळाच्या जागी ठेवा, पट्टे बांधा, दुकानाबाहेरच्या रस्त्यावर दहा पावले ढकला, ब्रेक लावा, मिटवा आणि उचला. यात जी गाडी उतरेल, तीच घ्या.