शेवळं विकताय? मग काकडं सोबत द्या



पावसाच्या तोंडावर बांधाला, वरकस जागेत शेवळं दिसायला लागतात. पान यायच्या आधीच जमिनीतून निघणारा हा जांभळट कोंब म्हणजे सुरणाच्या कुळातला फुलोरा. शहरात याला मागणी आहे, पण नवीन गिऱ्हाईकाचा घसा एकदा खाजला की ते पुन्हा फिरकत नाही.

खाज लागते ती कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या बारीक कणांमुळे. आंबटाने ती मरते, म्हणून आपल्याकडे शेवळांबरोबर काकडं घालतात. प्रत्येक जुडीसोबत मूठभर काकडं द्याच आणि कृती तोंडी सांगा:

हाताला तेल लावा. वरचं आवरण सोला, आतला पिवळा दाणेदार भाग टाकून द्या. हा भाग राहिला तर भाजी गेलीच समजा. बाकीचं बारीक चिरून तेलात चांगलं परता. काकडं ठेचून त्यांचा गाळलेला रस घाला, थोडी चिंचही, आणि पूर्ण मऊ शिजवा. घाई नको, अर्धवट शिजलेली खाजतेच. मग सोललेले वाल घाला, नाहीतर सोडे. सोड्यांची चव काही औरच!

काढताना कोंब कापा, कंद उपटू नका. पुढच्या वर्षीची शेवळं त्यातूनच येणार. ज्याची खात्री नाही तो कोंब जुडीत बांधू नका, आधी घरातल्या जाणत्या बाईला दाखवा.

जुड्या ओल्या फडक्यात गुंडाळून सकाळीच संकलन केंद्रावर आणा. काकडं वेगळ्या पिशवीत.