मल्टिपल व्हिसा आहे ना? आधी कागद वाचा

दम्मामला नोकरी करणाऱ्या मुलाने अम्मी-अब्बांना बोलावले की घरात पहिला प्रश्न, ‘सिंगल की मल्टिपल?’ पूर्वी बहुतेकांना एक वर्षाचा मल्टिपल फॅमिली व्हिजिट मिळायचा. पण वर्षाचा व्हिसा म्हणजे वर्षभर मुक्काम नव्हे. एका वेळी 90 दिवस. ते भरत आले की किंग फहद पुलावरून बहरीनला जाऊन परतायचे, पुन्हा 90 सुरू.

1 फेब्रुवारी 2025 पासून सौदीने भारतासह 14 देशांसाठी मल्टिपल थांबवला. फक्त सिंगल, तोही 30 दिवसांचा. व्हिजिट व्हिसावर येऊन परवान्याशिवाय हज करणाऱ्यांना रोखणे, हे त्यामागचे कारण.

म्हणून शेजाऱ्यांना कधी काय मिळाले, त्यावर जाऊ नका. मुलाने अर्ज भरला तेव्हा मल्टिपलचा पर्याय होता का, ते त्यालाच विचारा. व्हिसा हातात आला की प्रवेशाचा रकाना पाहा. ‘मुतअद्दिद’ म्हणजे अनेक वेळा. उर्दू वाचणाऱ्या घरात हे नातवंडेही सांगतील. सिंगल असेल आणि जुन्या सवयीने बहरीनला गेलात, तर पूल ओलांडताच व्हिसा संपला. सामान दम्मामला, आपण पलीकडे. मग थेट घरचे तिकीट काढावे लागते.