कळलावी: फूल बघा, कंद सोडा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी हा आजचा एपिसोड.

सुरुवात एका व्हॉट्सॲप मेसेजपासून. मित्र पावसात जंगलात फिरायला गेला आणि एका कंदाचा फोटो टाकला: "रताळं आहे का रे? भाजून खाऊ?" मी कळमन्याचा. आमच्या मार्केट यार्डात कांदे-बटाटे पोत्यांनी उतरतात, त्यामुळे मातीखालचं सगळं खायचंच वाटतं. पण दुसऱ्या फोटोत फूल दिसलं आणि मी थेट फोनच लावला: "तोंडात घालू नको. ही कळलावी आहे."

विदर्भातल्या सागवानी जंगलात पावसाळ्यात ही वेल दिसते. पानाचं टोकच गुंडाळून दोरी होतं आणि शेजारच्या झुडपाला पकडतं. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, खाली पिवळ्या, वर लाल, जणू आगीच्या ज्वाळा. म्हणून अग्निशिखा हेही नाव. झिम्बाब्वेचं हे राष्ट्रीय फूल, तमिळनाडूचं राज्यफूल.

पाऊस संपला की वेल वाळते, पण मेलेली नसते. खाली कंद जिवंत असतो आणि पुढच्या पावसात पुन्हा कोंब फुटतो. कंद नांगरासारखा वाकडा, म्हणून संस्कृतात 'लांगली'. पूर्वी बाळंतपणाच्या कळा याव्यात म्हणून तो वापरत, त्यावरून कळलावी. घरात लावली तर भांडणं लागतात, असंही जुनी माणसं सांगतात.

आता खरी गोष्ट. या झाडात कोल्चिसिन असतं, कंदात आणि बियांत जास्त. पेशी एकीच्या दोन होतात ना, ते कामच ते थांबवतं. डॉक्टर हेच औषध अगदी मोजून गाऊटसाठी देतात. कंदात मात्र मोजमाप नाही, आणि भाजून-उकडून विष जात नाही. त्रास लगेच होत नाही; काही तासांनी उलट्या, जुलाब सुरू होतात. मग काही दिवसांनी रक्तपेशी घटतात, केस गळतात, जीवही जाऊ शकतो.

म्हणून कोणी खाल्लंच, तर उलटीची वाट बघू नका. उरलेला कंद किंवा फोटो सोबत घ्या आणि सरळ मेयो नाहीतर मेडिकल गाठा.

मित्राने कंद खाल्ला नाही. पण ती वेल आता तिथे पुन्हा उगवणार नाही. औषधासाठी असेच कंद खणून खणून ती जंगलातून कमी झालीये. फोटो काढा, स्टेटस ठेवा, कंद तिथेच राहू द्या. पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी भेटेल.