नगराध्यक्षांच्या कामावर नाराज असाल तर

नशिराबादला पूर्वी ग्रामपंचायत होती, आता नगरपरिषद आहे. नगराध्यक्ष जनतेतून थेट निवडला जातो, मुदत 5 वर्षे. मतदार त्याच्या कामावर नाराज झाला, तरी महाराष्ट्रात मतदाराला नगराध्यक्ष मध्येच परत बोलावता येत नाही. ग्रामसभेत सरपंचाला तोंडावर जाब विचारता यायचा. नगरपरिषदेत ग्रामसभाच नसते, हा मला फार मोठा तोटा वाटतो. हाती उरतो माहितीचा अधिकार. अर्जाला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि एकाच गटारीबद्दल विचारा: मंजूर रक्कम, ठेकेदार, मोजमाप पुस्तिकेची प्रत. 30 दिवसांत उत्तर आलं नाही, तर प्रथम अपील करा. मोजमाप पुस्तिका मात्र सोडू नका. कागदावर किती मीटर गटार झाली, ते तिच्यातूनच कळतं.