चेनसॉला धार कशाने लावावी?

चेनसॉची धार गेली हे ओळखायला दाताला बोट लावावे लागत नाही. खाली काय पडते ते पाहावे. धारदार चेन लाकडाचे जाडसर काप बाहेर फेकते, बोथट चेन पिठासारखा भुसा. भुसा बारीक येऊ लागला आणि मशीन दाबावे लागले, की तिथेच थांबावे.

नागपुरात ही वेळ लवकर येते. लकडगंजच्या वखारींत चंद्रपूर-गडचिरोलीकडचे सागवान येते. सागाच्या लाकडात सिलिका, म्हणजे वाळूतलेच द्रव्य असते आणि ते पोलाद झिजवते. वादळात पडलेल्या रस्त्याकडेच्या कडुनिंबाची अडचण वेगळीच: क्लासच्या पाट्यांचे खिळे आणि खोडाने वर्षानुवर्षे गिळलेली तार.

चेनचा दात लाकूड घासत नाही, रंध्यासारखा तासतो. लाकूड पोखरणाऱ्या अळीचे जबडे पाहून अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या जोसेफ कॉक्स यांनी ही रचना बेतली आणि १९४७ साली विकायला आणली. दाताच्या बाहेरच्या अंगाला क्रोमचा पातळ, कडक थर असतो. त्याची कड हीच खरी धार. खिळ्याने तो थर उडाला, तर उडालेला भाग संपेपर्यंत दात मागे घासावा लागतो.

कानस लागते ती गोल आणि चेनच्या मापाची. .३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिमी, लहान मशीनवरच्या ३/८ लो-प्रोफाइल चेनला बहुधा ४ मिमी. मशीन बंद करून स्पार्क प्लगची टोपी काढावी, हातमोजे घालावेत आणि चेन ज्यावर फिरते तो बार वाइसमध्ये पक्का धरावा. कानशीचा साधारण पाचवा भाग दाताच्या वर राहिला पाहिजे. बहुतेक चेनना ३० अंशांचा कोन चालतो. कानस दाताच्या आतून बाहेर ढकलायची आणि परत आणताना उचलायची. मागे घासली तर कानशीचेच दात जातात. आधी एका बाजूचे दात, मग पलीकडे जाऊन दुसऱ्या बाजूचे, आणि प्रत्येकाला सारखेच हात. एका बाजूचे दात आखूड झाले तर काप तिरपा जातो.

यात एक काम हमखास राहून जाते. प्रत्येक दातापुढे एक बुटका उंचवटा असतो. दाताने लाकडात किती खोल शिरायचे ते तो ठरवतो. दात घासता घासता धारेची उंची कमी होते, उंचवटा मात्र तेवढाच राहतो, आणि मग ‘धार लावली तरी कापत नाही’ अशी तक्रार येते. बहुतेक चेनना दोहोंत सुमारे ०.६५ मिमी फरक हवा. तीन-चार वेळा धार लावल्यावर गेज ठेवून उंचवटा चपट्या कानशीने उतरवावा. मात्र जास्त उतरवला तर चेन लाकडात अडकते आणि मशीन उसळून अंगावर येऊ शकते. इथे घाई नको.

कानशीला पर्याय म्हणजे चेनचा ग्राइंडर. त्याचा गुण म्हणजे सारखेपणा. कोन एकदा बसवला की सगळे दात एकाच मापाचे होतात. पण उष्णता त्याचा वैरी. चाक दातावर क्षणभर जास्त टेकले की पोलादाचे पाणी उतरते, दात निळा पडतो आणि धार टिकत नाही. म्हणून टेकवावे, उचलावे, पुन्हा टेकवावे. डोळ्यांवर चष्मा हवाच. शिवाय ग्राइंडर कानशीपेक्षा जास्त धातू खातो आणि चेन लवकर संपते. हातातल्या कटर मशीनने दात घासून घेणे तर मला मान्यच नाही. त्या सपाट चकतीने दाताची आतली गोलाई मोडते.

रोजच्या कामाला कानसच घ्यावी, तीही दर वेळी पेट्रोल भरताना दोन-तीन हात मारून. ग्राइंडर खिळ्यावर आपटलेल्या चेनसाठी राखून ठेवावा. आणि रस्त्याकडेच्या झाडाला चेन लावण्यापूर्वी खोड नीट तपासून दिसतील ते खिळे उपटावेत. पाट्या लावणाऱ्यांनाही विनंती आहे, झाडाला खिळे ठोकू नका.