जुन्या गावाची छायाचित्रे : ग्रामीण इतिहासाचे एक साधन

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती व माळवदाचा मातीचा भार कोसळून हजारो माणसे दगावली. लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील ५२ गावे नव्या जागी वसविण्यात आली. त्यामुळे त्यापूर्वीची, ढिगाऱ्यातून वाचलेली कौटुंबिक छायाचित्रे आज इतिहासाची साधने ठरतात. लग्नाच्या छायाचित्रात माणसे सजून उभी असतात. परंतु त्यांच्यामागील ढेळज, उखळ, गोठा व लाकडी खांब नकळत टिपले गेलेले असतात. दैनंदिन जीवनाचा शोध या पार्श्वभूमीतच घ्यावा लागतो. मात्र गाव, वर्ष व व्यक्तींच्या नोंदीवाचून छायाचित्र मुके राहते. हा तपशील सांगू शकणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. म्हणून नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांनी या नोंदी क्षेत्रकार्यातून तातडीने घेणे अगत्याचे आहे.