प्रोपेलरचा शाफ्ट बाहेर पडतो त्या भोकातून जहाजात पाणी का शिरत नाही?

तुमचा फोन आयपी६८ असेल तर तो पाण्यात पडला तरी सहसा वाचतो. त्यात जादू काही नाही. स्क्रीनच्या कडेला गोंदाची पट्टी, सिमच्या ट्रेला रबराची बारीक रिंग आणि स्पीकरच्या जाळीमागे पाणी अडवणारा पातळ पडदा. हे जमतं कारण पाण्याच्या वाटेवर काहीच फिरत नसतं. आता कल्पना करा, फोनच्या तळाला भोक पाडून त्यातून एक सळई बाहेर काढली आहे, ती मिनिटाला ऐंशी-नव्वद वेळा गोल फिरते आहे, आणि हा फोन पुढची पाच वर्षं पाण्यातून बाहेर निघणार नाही. कोणती कंपनी वॉरंटी देईल?

मोठ्या मालवाहू जहाजाची अवस्था नेमकी हीच. इंजिन आत, पंखा बाहेर, आणि दोघांना जोडणारा पोलादी शाफ्ट पाण्याच्या पातळीखाली जहाजाच्या मागच्या भागातून आरपार जातो. ज्या नळीतून तो बाहेर पडतो तिला स्टर्न ट्यूब म्हणतात. स्टर्न म्हणजे जहाजाची मागची बाजू.

ही जागा किती नाजूक असते ते १० डिसेंबर १९४१ ला दिसलं. ब्रिटिशांच्या ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ या युद्धनौकेवर जपानी विमानांनी टॉर्पेडो सोडले. त्यातला एक डाव्या बाजूच्या बाहेरच्या शाफ्टजवळ लागला. वाकलेला शाफ्ट वेगाने फिरत राहिला, त्याने आजूबाजूचं सगळं फाडून काढलं आणि शाफ्टच्याच वाटेने पाणी आतल्या यंत्रांच्या खोल्यांपर्यंत पोचलं. जाड चिलखत असलेलं जहाज, पण घात झाला तो या वाटेने. त्याच दिवशी ते बुडालं.

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे ‘लीक’ म्हटलं की मेमरी लीक, आणि ती शून्यावर आणायची असते. जहाजांबद्दल वाचायला लागल्यावर मला गंमत वाटली ती याची, की इथे गळती शून्यावर आणायचा हट्ट धरला तर यंत्रच जळतं. थोडं गळायलाच हवं. प्रश्न एवढाच, की काय गळायचं, किती, आणि कोणत्या दिशेने.

सगळ्यात साधं रूप बघायचं असेल तर हर्णै किंवा मिरकरवाड्याच्या बंदरावरचा मासेमारीचा ट्रॉलर बघा. अशा बोटींवर शाफ्टभोवती एक छोटा डबा असतो. त्यात ग्रीस मुरवलेली, वेणीसारखी विणलेली चौकोनी दोरी गुंडाळून भरतात. हे पॅकिंग. वरून ग्लँडचे नट आवळले की दोरी दाबली जाते आणि शाफ्टला घट्ट बिलगते. पण किती आवळायचं? शाफ्ट फिरताना आत थेंब-थेंब पाणी टपकत राहील इतकंच. एक थेंबही नको म्हणून कुणी नट करकचून आवळले तर पॅकिंग कोरडं पडतं, तापतं, जळतं आणि शाफ्टवर चरे पडतात. टपकणारं पाणीच तिथलं वंगण आणि तिथलं कूलिंग. तळाशी साठलेलं पाणी पंपाने बाहेर टाकायचं, विषय संपला.

मोठ्या जहाजात विषय एवढ्यावर संपत नाही, कारण तिथे वजन येतं. ‘एमा मर्स्क’ या कंटेनर जहाजाचा एकटा प्रोपेलर सुमारे १३० टनांचा आहे आणि शाफ्टची लांबी साधारण १२० मीटर. म्हणजे क्रिकेटच्या मैदानावर एका बाजूच्या सीमारेषेपासून जवळपास दुसऱ्या बाजूच्या सीमारेषेपर्यंत पोचणारा लोखंडी दांडा, आणि त्याच्या टोकाला १३० टन लटकलेले. एवढं वजन कशावर टेकवायचं?

लाकडावर!

हो, लाकडावर. एकोणिसाव्या शतकात पंख्याची जहाजं आली तेव्हा शाफ्ट पितळी बेअरिंगमध्ये फिरायचा आणि ती बेअरिंग भराभर झिजायची. १८५४ मध्ये जॉन पेन या इंग्लिश इंजिनिअरने लिग्नम व्हायटी नावाच्या लाकडाच्या पट्ट्या वापरायचं पेटंट घेतलं. कॅरिबियन भागात वाढणारं हे झाड इतकं जड, की त्याचं लाकूड पाण्यात बुडतं. त्यात राळ ठासून भरलेली असते. ओलं झालं की ते स्वतःच गुळगुळीत होतं. पट्ट्यांच्या मधल्या खाचांतून समुद्राचं पाणी वाहू द्यायचं, बस. वेगळं तेल नाही, ग्रीस नाही. पुढची शंभर वर्षं ही युक्ती चालली. अणुऊर्जेवर चालणारी पहिली पाणबुडी ‘नॉटिलस’, तिच्या शाफ्टखालीही हेच लाकूड होतं.

मग जहाजं वाढली, वजनं वाढली, आणि विसाव्या शतकात बहुतेक मोठी व्यापारी जहाजं तेलाकडे वळली. यात बेअरिंगला आतून व्हाइट मेटलचा थर असतो. हा कथिल किंवा शिशाचा मऊ मिश्रधातू. पण खरं वजन हा धातू पेलतच नाही, तेल पेलतं. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून वेगात बाइक नेली की टायर रस्त्यावरून उचलला जातो आणि गाडी घसरते, हे ठाऊक असेल. टायर पाण्याच्या पाचरीवर चढतो. तुमच्या हाडांसाठी वाईट असलेली ही गोष्ट शाफ्टसाठी वरदान. फिरणारा शाफ्ट तेल आपल्याखाली ओढतो, तेलाची पाचर तयार होते आणि अनेक टनांचा शाफ्ट वर उचलला जातो. ही फिल्म केसाच्या जाडीपेक्षाही पातळ असते, पण ती असेपर्यंत धातूला धातू लागत नाही.

म्हणून धोका पूर्ण वेगात कमी आणि अगदी हळू फिरताना जास्त. वेग नाही, तर पाचर नाही.

दुसरी अडचण सरळपणाची. टोकाला प्रोपेलर लटकल्यामुळे शाफ्ट तिथे खाली झुकतो आणि सगळं वजन सगळ्यात मागच्या बेअरिंगच्या एका काठावर येतं. म्हणून ते बेअरिंग मुद्दाम जरासं तिरकं कोरतात. बरं, जहाजही सरळ राहत नाही. माल भरला की वाकतं, उन्हात डेक तापला की वाकतं. त्यामुळे बेअरिंग एका रेषेत आणायची अंतिम मापं शक्यतो रात्री किंवा पहाटे, ऊन चढायच्या आत घेतात. हजारो टनांचं पोलाद, आणि कामाची वेळ ठरवतो सूर्य. मला हा तपशील फार आवडला.

(प्रोपेलर जहाजाला पुढे ढकलतो तो जोर कुणावर येतो, असा प्रश्न पडला असेल तर तो इंजिनापाशी असलेल्या थ्रस्ट बेअरिंगवर. तिथेही तेलाची पाचरच काम करते. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.)

आता सील

तेल आत ठेवायचं आणि समुद्र बाहेर. यासाठी शाफ्टवर घासून चकचकीत केलेली पोलादी बाही चढवतात आणि तिच्यावर रबराच्या ओठांसारख्या कडा असलेल्या रिंगा टेकतात. एक नाही, एकामागे एक तीन-चार. काहींचे ओठ समुद्राकडे तोंड करून, काहींचे तेलाकडे. ओठ पूर्ण कोरडा पडला तर जळतो, म्हणून त्याच्याखाली तेलाचा अतिपातळ थर लागतोच. म्हणजे पुन्हा तेच: किंचित गळती गृहीत.

यातली सगळ्यात हुशार गोष्ट मात्र सीलमध्ये नाही, वर ठेवलेल्या एका टाकीत आहे. दहा मीटर खोलीवर समुद्राचा दाब हवेच्या दाबापेक्षा साधारण एका बारने जास्त असतो. स्टर्न ट्यूबला तेल पुरवणारी टाकी पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच बसवली, की तेलाचा दाब पाण्यापेक्षा जरा जास्त राहतो. सेन्सर नको, सॉफ्टवेअर नको, नुसती उंची. सील फाटलं तर पाणी आत येण्याऐवजी तेल बाहेर जातं. बेअरिंग वाचतं, आणि टाकीतली पातळी उतरली की इंजिनिअरला कळतं की खाली काहीतरी बिघडलंय.

सील फाटायचं एक नेहमीचं कारण म्हणजे मासेमारीची टाकून दिलेली जाळी. नायलॉनचा दोर शाफ्टवर गुंडाळला जातो आणि घुसत घुसत सीलपर्यंत पोचतो. त्यासाठी तिथे दोर कापणारी पातीही बसवतात.

पण या रचनेत जहाज वाचतं ते समुद्राच्या खर्चाने. टाकीत रोज थोडं तेल घालत राहणं बरीच वर्षं नेहमीचंच मानलं जायचं. २०१० च्या एका अभ्यासाचा अंदाज असा, की जगभरातल्या बंदरांत फक्त स्टर्न ट्यूबमधून वर्षाला ४६ लाख ते २ कोटी ८६ लाख लिटर तेल गळतं. आकड्यातली तफावतच सांगते की कुणी नीट मोजत नव्हतं. हे तेल कुठल्या अपघातातलं नाही. सगळं ठीक चाललेलं असताना गेलेलं.

डिसेंबर २०१३ पासून अमेरिकेने आपल्या पाण्यात येणाऱ्या ७९ फूट किंवा त्याहून लांब जहाजांना सांगितलं: जिथे तेलाची समुद्राशी गाठ पडते तिथे, तांत्रिक अडचण नसेल तर, निसर्गात लवकर विघटन होणारं वंगण वापरा. वरवर साधा बदल, पण अशा काही तेलांत पाणी शिरलं की त्यांचं रासायनिक विघटन आतच सुरू होतं, आणि जुन्या सीलचं रबर प्रत्येक नव्या तेलाशी जमवून घेतंच असं नाही.

म्हणून काही जहाजं आता पेनच्या वाटेवर परतली आहेत. वंगण पुन्हा समुद्राचंच पाणी, लाकडाच्या जागी खास पॉलिमर. पाणी गाळून पुढच्या टोकाने आत सोडायचं, ते बेअरिंगच्या खाचांतून वाहत मागून समुद्रात जातं. मागचं सील लागतच नाही, पुढचं तेवढं सांभाळायचं. गळती शंभर टक्के, आणि गळतं ते पाणीच.

फुकट मात्र काहीच नाही. पाणी तेलापेक्षा पातळ, त्यामुळे फिल्मही पातळ. नियमांनुसार तेलाच्या बेअरिंगची लांबी साधारणपणे शाफ्टच्या व्यासाच्या दुप्पट लागते, पाण्याच्या बेअरिंगला मूळ अट चौपट, आणि पॉलिमरने चाचण्यांत स्वतःला सिद्ध केलं तरच सूट. पोलाद खाऱ्या पाण्यात गंजू नये म्हणून शाफ्टला ब्रॉन्झची बाही किंवा लेप लागतो. आणि खाडीच्या तोंडाशी गढूळ पाण्यात गाळणी कमी पडली तर वाळूचे कण बेअरिंग खातात. ते किती खाल्लंय याचं माप घ्यायला बऱ्याचदा जहाज ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत, उभं करावं लागतं.